घडीच्या चौकातलं गाव

लग्नपत्रिकेच्या मागच्या पानावर पूर्वी एक नकाशा असायचा. तळहाताएवढा. मधोमध जाड अक्षरांत 'मंगल कार्यालय', एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला पेट्रोल पंप, अध्येमध्ये मारुतीचं देऊळ, आणि कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. हा बाण बहुधा छापखानेवाल्यानं रिकामी जागा भरायला टाकलेला असे. नकाशात स्टेशनपासून कार्यालय दोन बोटांवर दिसायचं आणि रिक्षावाला मात्र तिथं यायला कुरकुरायचा. तरीही त्या नकाशाच्या भरवशावर वऱ्हाडं पोचली. कुठं वळायचं आणि चुकलात तर कुठल्या खुणेपाशी थांबून विचारायचं, एवढंच त्यात असायचं. आता त्या जागी क्यूआर कोडचा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आला आहे.

शाळेतली नकाशावही सोडली तर सर्वसाधारण मराठी घरात येणारा कागदी नकाशा हा एवढाच. म्हणून 'लोकांना कागदी नकाशा हवासा वाटतो की फोनवरचा?' असा वाद कुठं रंगला की मला थोडं हसू येतं. फोनवरचा, हे उत्तर उघड आहे. पण आवडनिवड करायला आधी दोन्ही वस्तू समोर ठेवाव्या लागतात, आणि आपल्यासमोर त्या कधी ठेवल्याच गेल्या नाहीत.

ज्या देशांत हा प्रश्न खऱ्या अर्थानं विचारता येतो त्यांतला ब्रिटन एक. तिथली सरकारी नकाशासंस्था, ऑर्डनन्स सर्व्हे, १७९१ची. गुलाबी वेष्टनातला १:५०,००० प्रमाणाचा आणि नारिंगी वेष्टनातला १:२५,००० प्रमाणाचा असे तिचे दोन नकाशे दुकानात पुस्तकांसारखे मांडलेले असतात. शेतामधून जाणाऱ्या पायवाटाही त्यात दाखवलेल्या असतात. कागद विकत घेतला की तोच नकाशा फोनवर उतरवून घ्यायचा कोडही सोबत मिळतो. तिथल्या माणसानं कागद बाजूला ठेवून फोन उचलला तर ती त्याची निवड झाली.

आपली सर्व्हे ऑफ इंडिया ऑर्डनन्स सर्व्हेपेक्षा २४ वर्षांनी थोरली, १७६७ची. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांचं जे जाळं विणायला घेतलं, ते पुढं हिमालयापर्यंत गेलं. हे सगळं काम इतकं अव्वल की आजही त्याची गोष्ट सांगताना ऊर भरून येतो. पण ते कुणासाठी झालं? आधी कंपनीच्या फौजेसाठी आणि महसुलासाठी. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, सवय बदलली नाही. सीमेपासून आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे 'रिस्ट्रिक्टेड' म्हणून कुलपात राहिले. अख्खं कोकण आणि सह्याद्रीच्या माथ्याचा बराचसा भाग या पट्ट्यात येतो. म्हणजे मुंबई-पुण्याचं पोर ज्या डोंगरांत शनिवार-रविवार भटकतं, नेमक्या त्याच डोंगरांचा नकाशा त्याला मिळणार नाही अशी सोय.

मी कॉलेजात असताना असा नकाशा मागायला एका सरकारी कार्यालयात गेले होते. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "कशाला हवाय?" म्हटलं, डोंगरात जायला. "डोंगरात जायला नकाशा कशाला?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, ओळखपत्राची प्रत, साहेबांची सही, साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला मी नाद सोडला आणि सगळे करायचे तेच केलं: कुणाकडच्या तरी झेरॉक्सची झेरॉक्स काढली. मूळ नकाशात डोंगराच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी असतात, ओढे निळे, जंगल हिरवं. झेरॉक्समध्ये सगळं काळं. त्यामुळं ओढा कुठला आणि उताराची रेषा कुठली, हे ओळखण्यातच आमचा अर्धा वेळ जायचा. एकदा ज्याला आम्ही तासभर पायवाट समजत होतो ती तालुक्याची हद्द निघाली.

पुढं गोष्टी बदलल्या, पण कशा क्रमानं ते पाहण्यासारखं आहे. मे २०००मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि खिशातल्या यंत्राला आपली जागा काही मीटरांच्या फरकानं कळू लागली. २००५ साली गूगल मॅप्स सुरू झालं. त्याच वर्षी आपलं राष्ट्रीय नकाशा धोरण आलं आणि नागरिकांसाठी खुल्या नकाशांची वेगळी मालिका काढायचं ठरलं. ते नकाशे संगणकावर उतरवून घ्यायची सोय २०१७ साली झाली. आणि नकाशांवरची परवान्यांची मोठी बंधनं भारतीय नागरिकांसाठी, कंपन्यांसाठी उठली ती फेब्रुवारी २०२१मध्ये. तोवर खेडोपाडी प्रत्येकाच्या हातात फोन आला होता. पंगत उठल्यावर वाढपी आला, म्हणतात तसं. आता कुणी म्हणालं की बघा, लोकांनी कागदाला नाकारलं, तर हे बोलणं मला जरा उद्धटपणाचं वाटतं.

आता कागद नेमका काय देतो ते सांगते. माझ्याकडं आज झेरॉक्स नाही, रंगीत शीट आहेत. भटकणारे लोक त्यांना टोपोशीटच म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव 'स्थलनिर्देशक नकाशा' आहे, पण ते कुणी उच्चारताना ऐकलं नाही. जुन्या क्रमांकांत पुणे शहर ४७ एफ/१४ वर येतं, तोरणा ४७ एफ/११ वर आणि राजगड ४७ एफ/१२ वर. शेजारशेजारचे दोन किल्ले दोन शीटवर, कारण १८ अंश १५ मिनिटांचं अक्षवृत्त, म्हणजे दोन शीटमधली शिवण, राजगडाला चाटून जाते. राजगड-तोरणा हा ट्रेक म्हणजे भटक्यांची पंढरीची वारी, आणि तिला दोन शीट लागतात. कुणा साहेबानं दूर कचेरीत बसून आखलेल्या चौकटीला शिवाजी महाराजांची राजधानी कुठं आहे याच्याशी काय देणंघेणं असणार!

एक शीट म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम अर्ध्या मीटरहून मोठा कागद. त्यावर साधारण २७ किलोमीटर लांबीरुंदीचा मुलूख, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणात. तो गाडीच्या बॉनेटवर पसरा, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवा आणि दोन मिनिटं काही न शोधता नुसतं बघा. कुठं तपकिरी रेषा ऐसपैस पांगलेल्या आहेत, तिथं पठार. कुठं त्या इतक्या दाटल्या आहेत की कागद भाजल्यासारखा दिसतो, तिथं कडा कोकणात तुटतो. त्या दाटीत एका ठिकाणी रेषा जराशा आत वळतात, एक ओढा खाली उतरतो, आणि तिथून तुटक रेघ जाते: ती घाटवाट. मढे घाट, उपांड्या, गोप्या, शेवत्या, या वाटा नेमक्या तिथंच का आहेत आणि शेजारच्या खिंडीत का नाहीत, हे कागद न बोलता सांगतो.

आता तोच नकाशा त्याच प्रमाणात फोनवर उघडा. सात बाय पंधरा सेंटिमीटरच्या पडद्यावर साडेतीन बाय साडेसात किलोमीटरचा तुकडा मावतो. सगळा मुलूख बघायचा म्हणून बोटांनी लहान केला की गावांची नावं गळून जातात, ओढे गळतात, वाटा तर कधीच गळलेल्या असतात. मोठा केला की नावं येतात आणि मुलूख जातो. कौलातल्या भोकातून अंगण बघावं तसं. भोक कितीही हलवलं तरी अंगण एका नजरेत येत नाही.

दुसरी गंमत दिशेची. आमच्या आजोळी कुणी डावं-उजवं म्हणत नसे. "उगवतीच्या अंगाला गोठा", "मावळतीला विहीर", नाहीतर "वरच्या आळीत", "खालच्या वाडीला". सांगणारा कुठं तोंड करून उभा आहे याच्याशी त्या सांगण्याचा संबंध नसायचा. सूर्य आणि उतार सगळ्यांना सारखेच. फोनवर आपण वळलो की नकाशा गोल फिरतो, आपण कायम मधोमध आणि सगळं जग आपल्याभोवती. फोनच्या मागं मागं चार तास गाडी हाकल्यावर माणसाला विचारा, आपण आत्ता पुण्याच्या कुठल्या बाजूला आहोत? भला सुशिक्षित माणूस गप्प होतो. पूर्वी रानात असं झालं की लोक म्हणायचे चकवा लागला. मग जागेवर बसायचं, पाणी प्यायचं, आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. फोनच्या चकव्यात बसायला कुणी सांगत नाही, तो नवीन वाट काढून देतो.

हे वाचून मी कागदाची वकिली करते आहे असं वाटेल. तसं नाही, कारण या भांडणात कागद आणि पडदा ही विभागणीच मला चुकीची वाटते. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यू जर्सीला मावसभावाकडं गेले होते. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर छापील पानांचा गठ्ठा पडलेला असे. कुठं जायचं असलं की तो आदल्या रात्री मॅपक्वेस्ट या वेबसाइटवरून वळणांची यादी छापून घ्यायचा: इतके मैल सरळ, मग उजवीकडं, मग अमुक क्रमांकाचा फाटा. वहिनी शेजारी बसून वाचायची. एक फाटा हुकला की ती यादी रद्दी. होता तो कागदच, पण नकाशा नव्हता. आणि आज एखादा भटक्या फोनवर आधीच उतरवून घेतलेली टोपोशीट उघडून, तिच्यावर आपला निळा ठिपका बघत चालतो, तो मात्र खरोखर नकाशा वाचत असतो. फोनला त्यासाठी रेंज लागत नाही, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. २०,००० किलोमीटर वर फिरणाऱ्या उपग्रहांचा संदेश मोबाइल टॉवरला विचारून येत नाही. रेंज लागते ती नकाशाचं चित्र ओढून घ्यायला. ते घरी असतानाच घेतलं की झालं. पावसाळ्यात दोघंही सारखेच निकामी: कागदाचा लगदा होतो आणि ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही.

तेव्हा फरक पाहायचा तो मुलूख दाखवणारी वस्तू आणि वळणं सांगणारी वस्तू यांच्यातला. फोन दोन्ही करू शकतो, आपण त्याच्याकडून फक्त वळणं सांगून घेतो.

आणि वळणं सांगणारं आपल्याकडं आधीपासून कुणी होतंच की. कट्ट्यावरचा माणूस. एसटीच्या थांब्यावरची बाई. डोंगरात वाटाड्या. मोठ्या रस्त्यावर टपरीवाला, ज्याला चहा न घेता पत्ता विचारणं बरं दिसत नाही. माझं म्हणणं असं की फोननं आपल्याकडं नकाशाला हरवलेलं नाही, त्यानं विचारण्याला हरवलं. त्या विचारण्याचा हिशेब नीट मांडायला हवा, कारण त्याची एक बाजू फार गोड करून सांगितली जाते.

गोड बाजू खोटी नाही. २००८ साली जपानमध्ये तोरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना जीपीएसचं हातातलं यंत्र दिलं, काहींना कागदी नकाशा, आणि काहींना आधी एकदा कुणीतरी सोबत नेऊन वाट दाखवली. यंत्रवाले इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त चालले आणि जास्त वेळा थबकले. सोबत नेलेल्यांच्या तुलनेत ते हळूही चालले, दिशा सांगताना जास्त चुकले आणि नंतर वाटेचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा तेही त्यांना तितकं जमलं नाही. तेव्हाची यंत्रं लहान पडद्यांची होती, शिवाय एका प्रयोगावर फार उड्या मारू नयेत. पण कागद विरुद्ध यंत्र म्हणून लोक या प्रयोगाचा दाखला देतात तेव्हा तिसरा गट विसरतात: ज्यांना एका माणसानं वाट दाखवली होती ते. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्याला जपानला कशाला जायचं?

आता कडू बाजू. पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या अनोळखी गावात घर विचारलं की पत्ता मिळायच्या आधी उलट प्रश्न यायचा: "कुणाकडं? कुठले तुम्ही? आडनाव काय?" आणि आडनाव ऐकल्यावर सांगणाऱ्याचा हात वरच्या आळीकडं जायचा की गावाबाहेरच्या वस्तीकडं, हे ठरायचं. काही जणांना हात नुसता झटकून दाखवला जायचा. रात्री साडेनऊला स्कूटरवर एकटीनं असताना पानटपरीपाशी थांबून "भाऊ, हा रस्ता कुठं जातो?" विचारणं म्हणजे मी चुकले आहे, एकटी आहे, आणि इथं मला कुणी ओळखत नाही, ही तिन्ही गुपितं चौघांना जाहीर करणं. फोन यातलं काही विचारत नाही. (तो न विचारता सगळं टिपून घेतो, हा वेगळा लेख.) रोज तीस घरांची पार्सलं पोचवणारा मुलगा, नवीन शहरात मुलाखतीला आलेली मुलगी, मराठी न येणारा टॅक्सीवाला, यांना फोननं जी मोकळीक दिली ती कुठल्याही नकाशानं किंवा कट्ट्यानं दिली नव्हती. 'पूर्वी कसं, लोक एकमेकांशी बोलायचे' असा उसासा टाकणाऱ्यांनी एकदा यादी करावी, की त्यांच्याशी लोक नेहमी नीट का बोलायचे.

तरी विचारण्यात एक गोष्ट अशी होती जी अजून कुठल्या यंत्रात पुरती उतरलेली नाही. ती म्हणजे आजची बातमी.

जानेवारी २०२१मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. कोतूळहून अकोल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा जुना पूल धरणाच्या पाण्याखाली होता. नेव्हिगेशन ॲप तोच रस्ता दाखवत होतं. दोघं वाचले, एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अशाच एका पुलावरून गाडी खाली गेली. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता, ॲपला त्याचा पत्ता नव्हता आणि रस्त्यावर धड अडसर नव्हता. तिघं गेले.

दोन्ही वेळा 'फोनवर विसंबू नका' असा उपदेश भरपूर झाला. पण कागदी नकाशा असता तर ही माणसं वाचली असती का? मला नाही वाटत. कागदावरही तो पूल असता. जुन्या शीटवर तर धरणच नसतं, नुसती नदी आणि तिच्यावरून जाणारा रस्ता. पूल पाण्याखाली आहे हे त्या पंचक्रोशीत शाळकरी पोरालाही ठाऊक असणार. तिथला एसटीचा ड्रायव्हर झोपेतही तिकडं वळला नसता. ज्याच्यापाशी ही बातमी होती त्याला विचारायचं कारण फोननं ठेवलं नव्हतं, आणि ज्यांचं काम ती बातमी रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावून सांगायचं होतं त्यांनी ते केलं नव्हतं. दोष वाटायचाच झाला तर माझ्या मते मोठा हिस्सा पाटी न लावणाऱ्याचा. ॲपवाल्यांचा दुसरा. गाडी चालवणाऱ्याचा सगळ्यात शेवटी, आणि आपण मात्र पहिलं बोट त्याच्याकडं दाखवतो.

एवढं मात्र कागदाच्या बाजूनं म्हणता येईल की तो आपलं वय लपवत नाही. टोपोशीटच्या समासात पाहणी कुठल्या साली झाली ते छापलेलं असतं. ते साल वाचलं की वाचणारा आपोआप सावध होतो: एवढ्या वर्षांत रस्ता झाला असेल, वाडी हलली असेल, तेव्हा विचारून घेऊ. फोनवरच्या रस्त्याला साल नसतं. काल झालेला उड्डाणपूल आणि दहा वर्षांपूर्वी कुणीतरी हवाई चित्रावरून अंदाजानं ओढलेली रेघ, दोन्ही तितक्याच चकचकीत.

अंदाजानं ओढलेल्या रेघेचा मला अनुभव आहे. गेल्या वर्षी भाच्याला घेऊन राजगडाला निघाले होते. नसरापूरपासून आत शिरल्यावर फोननं अकरा मिनिटं वाचवणारा एक जवळचा रस्ता काढून दिला. भाचा खूश. डांबर संपलं, मग खडी संपली, मग दोन्ही बाजूंनी घाणेरीच्या फांद्या काचेला घासायला लागल्या, आणि शेवटी गाडी एका गोठ्यासमोर जाऊन उभी राहिली. फोन म्हणतो, सरळ जा. सरळ म्हणजे कडब्याच्या गंजीत. एक म्हातारी हातातलं खुरपं खाली न ठेवता बाहेर आली. "ह्यो रस्ता न्हाय बाई, ही पाणंद हाय. सकाळधरनं तिसरी गाडी तुमची." तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. उलटी गाडी घ्यायला जागा नव्हती. म्हातारीच्या नातवानं गंजीच्या बाजूची दोन लाकडं हलवली तेव्हा कुठं ती वळली.

पाणंद आणि रस्ता यांतला फरक टोपोशीटवर असतो. पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, पायवाट, प्रत्येकाची रेघ वेगळी. हा फरक पडद्यावर दाखवायला काही अडचण नाही. आपल्या हातातल्या ॲपवाल्यांना तो दाखवावासा वाटलेला नाही एवढंच, कारण ज्यांच्यासाठी तो नकाशा बनतो त्यांच्या जगात पाणंद नाही. तिथल्या माणसांना विचारून तो बनला असता तर ती रेघ पहिल्या दिवशी वेगळी झाली असती.

'आपल्या लोकांना नकाशा वाचताच येत नाही' असं काही जण म्हणतात, तेही मला पटत नाही. बांधाचं भांडण लागू द्या, मोजणीदार येऊ द्या, मग बघा. गटनकाशा खाटेवर पसरलेला असतो आणि चौथी नापास झालेला चुलता खूण कुठं असायला पाहिजे ते बोट ठेवून सांगतो. स्वतःची जमीन ज्यात आहे तो नकाशा माणूस बरोबर वाचतो. उलट आमचा भाचा दहावीत भूगोलाला चांगले गुण मिळवून पास झाला, त्याला ब्राझीलच्या आराखड्यात ॲमेझॉनचं खोरं अचूक भरता येतं, कारण राज्य मंडळाच्या त्या पुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. मुळा आणि मुठा कुठल्या बाजूनं येऊन कुठं मिळतात हे दाखव म्हटल्यावर त्यानं फोन काढला.

मला सरकारकडून फार काही नको आहे. प्रत्येक तालुक्याचा एक मोठा नकाशा, मराठी अक्षरांत, उंचसखल दाखवणारा, पाहणीचं साल छापलेला, शाळेच्या भिंतीवर आणि एसटी स्टँडवर. मराठी अक्षरांत हे दोनदा सांगते, कारण माझ्या शीटवरची सगळी नावं इंग्रजीत आहेत आणि त्या स्पेलिंगवरून 'करंजावणे' की 'करंजवणे' हे गावात जाऊनच कळतं. किल्ल्याच्या पायथ्याला तिकिटासोबत दहा रुपयांत एक घडीचा नकाशा. आणि पूल पाण्याखाली गेला, घाट बंद झाला, की ती बातमी बांधकाम खात्यानं आधी रस्त्याच्या तोंडाशी लावावी आणि त्याच दिवशी सगळ्या ॲपवाल्यांना मिळेल अशी जाहीर करावी. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात निकडीची आहे आणि तिला कागदही लागत नाही.

तर त्या दिवशी पाणंदीतून सुटून आम्ही पायथ्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चढायचं राहिलं. हॉटेलात पिठलं-भाकरी सांगितली आणि वेळ काढायला म्हणून मी पिशवीतली शीट काढून टेबलावर पसरली. हॉटेलवाले मामा भाकरी घेऊन आले आणि तिथंच थांबले. "हे आमच्याकडचं का?" अक्षरं इंग्रजी, पण त्यांनी अक्षरांकडं बघितलंच नाही. बोट ओढ्यावर ठेवलं, ओढ्यावरून वर सरकवलं, दोन ओढे मिळतात तिथं थांबवलं. "हे आमचं घर." मग दुसरं बोट. "ही वाडी हितं न्हाय आता. खाली रस्त्याला आली." मग ते किल्ल्यामागच्या बाजूला गेले आणि त्यांना भोक लागलं. माझ्या शीटची घडी इतक्या वेळा घातली-उघडली आहे की आडवी आणि उभी घडी मिळते त्या चौकात कागद झिजून पैशाएवढं भोक पडलं आहे. तिथं एक वस्ती होती, तिचं नाव मला कधी वाचायलाच मिळालं नाही. मामांनी ते सांगितलं, धनगरांची तीन घरं आहेत म्हणाले, पाण्याची सोयही सांगितली. मी भोकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून घेतलं.

"ताई, फोटो काढू का? पोराला धाडतो. पुण्यात फोन बघून बघून गाडी चालवतोय, घर कसं दिसतंय ते तरी बघू दे."

त्यांनी फोन धरला, मागं सरकले, आणखी मागं सरकले, पाठ भिंतीला टेकली. शीट काही चौकटीत बसेना. मग त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, भाच्याला ती घट्ट धरायला सांगितली, आणि चपला काढून वर चढले.